बॅटरीच्या पाण्याचा कॅन

आमच्या आष्टीच्या कॉलेजातलं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र कायम बिघडलेलं. म्हणून मी गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणतो, पांढऱ्या कॅनमध्ये. रिकामे कॅन घरी जातात आणि माझी बायको बबिता त्यांत माहेरच्या विहिरीचं पाणी भरून आणते. त्या पाण्यात डाळ मऊ शिजते म्हणे. कधीतरी कॅनची अदलाबदल होणारच होती.

माझा प्रयोग साधा आहे. मधे सच्छिद्र काचेची तळहाताएवढी चकती, दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत मिठाचं पाणी. काच भिजली की तिच्यावर ऋण भार येतो आणि मिठातले धन कण छिद्रांच्या भिंतींलगत गोळा होतात. पाणी ढकललं की तेही वाहतात आणि मीटरवर आकडा उमटतो. ढकलणारं कुणी नसेल, तर आकडा जागचा हलत नाही. इतका सरळ हिशेब.

त्या दुपारी डाव्या कप्प्यातलं पाणी मी नव्या कॅनमधून बनवलं. उजव्यात आधीचंच, गॅरेजचं होतं. पंप बंद होता.

आकडा उसळला. तीनदा. थांबला. पुन्हा तीनदा.

दोन्हीकडचे क्षार कमीजास्त असले तरी आकडा येतो, पण तो असा धडका मारत नाही. मी वायरी बदलल्या, मीटर बदलला, दोघांनाही शिव्या घातल्या. मग कॅन हुंगला. शेवाळाचा वास आला.

बबिता डबा घेऊन आली होती. ती मीटरकडे बघतच राहिली.

"आवं, सुरज असंच दार वाजवतो की."

सुरज तिचा धाकटा भाऊ, पोळ्यापासून बेपत्ता. दारावर बेल असली तरी तळहाताच्या तीन थापा मारायचा, त्याही कडबाकुट्टीच्या यंत्रात मधलं बोट अर्धं तुटलेल्या हाताच्या. विहिरीत गळ टाकून झाला होता, काही लागलं नव्हतं. पोरगं पुण्याला पळालं, असं माझे सासरे आप्पाराव सांगत फिरत. त्याच दिवशी ते ती विहीर बुजवत होते.

"बाबांना फोन लावा," बबिता म्हणाली. "बुजवू देऊ नका."

"या आकड्यांचा आणि विहिरीचा काय संबंध?" मी खेकसलो. पण फोन लावला.

"मामा, जेसीबी थांबवा."

"कावून?"

काय सांगणार होतो? "अजून एकदा गळ टाकू."

"लई येळा टाकला. तिथं कोनी न्हाई."

फोनमध्ये त्यांच्या मागे माती कोसळल्याचा आवाज आला. मीटरवरचा आकडा दुप्पट झाला.

बबितानं फोन हिसकावला. "बाबा, तो आत हाय. थांबवा ना." ती रडत होती. पलीकडे जेसीबी घरघरत राहिला.

माती पडली. तीन धडका.

माती पडली. दोन.

मग एक, अगदी हलकी.

शून्य.

"झाली बुजवून," आप्पाराव म्हणाले आणि फोन बंद झाला.

मला भीती वाटत होती, उघड सांगतो.  तरी मी दोन्हीकडचं पाणी काढलं आणि चकती सोडवली. तिच्या छिद्रांतून मातीचा कणसुद्धा पार होत नाही.

डावी बाजू स्वच्छ होती.

उजव्या बाजूला काळ्या मातीचे चार ठसे होते, बोटांच्या टोकांचे. त्यातला मधल्या बोटाचा बाकीच्या तिन्हींपेक्षा बराच खाली उमटला होता.