नारळाच्या सोडणाचं बूच

“आनंदी, थांब! हेच ते बाटले!” रुक्मिणी वीजघराच्या कोठीत दोन मोठ्या बाटल्यांकडे बोट दाखवत मोठ्याने ओरडली.

“हळू बोल गो!” आनंदीचा मामेभाऊ शंकर दबक्या आवाजात म्हणाला. “स्टोअरकीपर वालावलकर येतले आणि कान पिळतले!”

आनंदीने वळूनही पाहिलं नाही. बाबांचा खाकी सदरा आणि जेवणाचा डबा न्यायला ती आली होती. बाबा स्वतः येणार नव्हते. तिने सदरा खिळ्यावरून काढला. ॲसिडने पडलेल्या भोकांत ती उगाच बोट घालत राहिली. आठ दिवस तिचं असंच चाललं होतं. रडू नाही, राग नाही, काही म्हणजे काही नाही. वाढलेलं जेवायचं आणि सांगितलेलं काम करायचं.

आठ दिवसांपूर्वी गावचे दिवे गेले होते. वीजघराचं डिझेल इंजिन सकाळपासून चालायचं आणि रात्री दहाला बंद व्हायचं. तिथून पहाटेपर्यंत सगळी भिस्त बॅटरीच्या खोलीवर. एकशे दहा काचेच्या पेट्या, त्यांत शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिड! “लोक रांजणात पाणी भरून ठेवतत, तशी आमी वीज भरून ठेवतंव,” असं बाबा, म्हणजे तिथले कामगार गुरुदास, ऐटीत सांगायचे. त्या रात्री दवाखान्यात एक बाळंतीण अडली होती, आणि नेमका रांजण कोरडा! दिवे पिवळे झाले, मग लाल, मग विझले. कंदिलाच्या उजेडात बाळ सुखरूप झालं खरं, पण पेट्यांत शुद्ध पाण्याऐवजी विहिरीचं पाणी घातल्याचा ठपका बाबांवर आला. आज रत्नागिरीहून साहेब आले होते. बाबांना कायमचं घरी बसवायचं की नाही, ते संध्याकाळपर्यंत ठरणार होतं.

“अगं, ऐक तरी!” रुक्मिणीने तिला हलवलं. ती शेजारच्या काशीबाईंची नात, मे महिन्याच्या सुट्टीला मुंबईहून आगबोटीने आलेली. “आम्ही आगबोटीतून पडावात उतरलो, तर ओहोटी! पडाव दोन तास रेतीत रुतला. लहान मुलं तहानेने रडायला लागली. तेव्हा पडाव हाकणाऱ्या दत्ताराम तांडेलांनी मालातले हेच बाटले उघडले. आम्ही सगळे प्यायलो. दोन्ही बाटले रिकामे झाले होते!”

शंकरने डोळे विस्फारले. एक बाटला संपलेला होता, पण दुसरा अजून अर्धा भरलेला! बॅटरीत घालायचं ते शुद्ध, वाफेचं पाणी मुंबईहून लाखबंद येत असे. इथे लाखेचा पत्ता नव्हता. तोंडात नारळाच्या सोडणाचं, वरच्या काथ्याच्या सालीचं, बूच कोंबलं होतं.

“मुंबयची कंपनी सोडणाचा बूच लावता काय रे?” शंकर स्वतःलाच म्हणाला.

तिघं धावत बंदरावर गेली. दत्ताराम जाळं विणत बसले होते.

“चोरी नाय केलंय हां!” ते म्हणाले. “पोरां कासावीस झाली, म्हणान पाणी दिलंय. पण दुसऱ्याची वस्तू रिकामी कशी पोचवतलंय? बंदरावरच्या विहिरीचा पाणी काठोकाठ भरलंय आणि बूच लावन दिलंय. पाणी तां पाणी!”

“ता पाणी खारट आसा, काका,” आनंदी म्हणाली.

“आसांदे! वालावलकरान बघूकय नाय, सही ठोकल्यान!”

आनंदीला त्यांच्यावर रागावताही येईना. रुक्मिणी मात्र रडवेली झाली. “म्हणजे तुझ्या बाबांची नोकरी मीच प्यायले गं!”

“तहान लागली होती ना तुला? मग!” आनंदी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

वीजघराच्या पडवीत वालावलकर घाम पुसत साहेबांना सांगत होते, “बाटले मी स्वतः तपासून घेतले, साहेब! गुरुदासनेच घोटाळा केला.”

आनंदी पुढे झाली. हातात भरलेला पेला होता. “काका, पाणी घ्या.”

वालावलकरांनी मोठा घोट घेतला आणि थूः करून अंगणात टाकला! “खारट! कुठलं गं हे?”

“तुम्ही तपासून घेतलेलं,” आनंदी म्हणाली. “उरलेल्या बाटल्यातलं.”

शंकरला हसू आवरेना! साहेब ताडकन उठून कोठीत गेले. त्यांनी ते बूच पाहिलं, पाण्याची चव घेतली, दत्तारामांना बोलावून विचारलं. वालावलकरांची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

“मिठाने शिशाच्या पट्ट्या खाल्ल्या,” साहेब म्हणाले. “निम्म्या पेट्या बदलाव्या लागतील. तोवर दहानंतर गाव कंदिलावर! पण तुम्ही पोरांनी डोकं चालवलंत, शाबास! गुरुदासांना सांगा, उद्या सकाळी सातला कामावर या.” मग त्यांनी आनंदीकडे पाहिलं. “आता तरी हास की, बाळ!”

तिने हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

घरी बाबा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. शंकरने एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबा भिंतीकडून वळून बसले.

“आनंदी,” बाबा आठ दिवसांनी पहिल्यांदाच बोलले, “माझो सदरो खंय आसा गो?”

सदरा सकाळपासून तिच्या काखेतच होता! बाबांनी तो अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि एका भोकातून बोट बाहेर काढून दाखवलं. “सुई-दोरो हाड बघया. सायबासमोर असो जांव काय?”

आनंदी आत गेली. सुईत दोरा ओवायला लागली, तर नेढंच दिसेना. तिने डोळे पुसले आणि पुन्हा सुई उजेडात धरली. तरी दिसेना.