गार पाण्याने तापलेली गाडी

हात लावला तर लोखंड नुसतं कोमट, आणि गाडी म्हणते तेल एकशे साठ अंशांवर! शाल्मलीला काही सुधरेना.

"पुढे जाता येणार नाही," हंसिनी पुन्हा म्हणाली. "गिअरबॉक्स जळेल."

हंसिनी म्हणजे काळदरा गावाची बोलकी, चालकाविना धावणारी गाडी. ती विजेवर चालायची, पण काळदऱ्याचा उभा घाट चढायला तिला गिअरबॉक्सही होता आणि त्यात तेल. मागच्या आसनावर दत्ताराम आजोबा आडवे झाले होते. त्यांची मूत्रपिंडं थकली होती, म्हणून एक दिवसाआड घाटाखालच्या इस्पितळात यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. दरड कोसळल्यामुळे परवाची खेप हुकली. आता पाय सुजून टम्म झाले होते आणि जरा जास्त बोलले की धाप लागत होती. दुसरी गाडी यायला संध्याकाळ झाली असती. तोवर आजोबांचं काय होईल?

"शालू," आजोबा म्हणाले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सेन्सरांवर (तापमान, दाब ओळखून यंत्राला कळवणाऱ्या भागांवर) संशोधन केलं होतं. "थांबण्याआधी काय केलंस?"

"काही नाही. खिंडीत पाणी घातलं, नेहमीसारखं."

काळदऱ्याची ती रीतच होती. जुन्या जीपगाड्या तापायच्या, तेव्हापासून खिंडीत पोचलं की बॉनेट उघडून कुंडातलं बादलीभर पाणी ओतायचं. हंसिनीला त्याची गरज नव्हती, पण रीत मोडणार कोण? आज पाणी पडताच आकडा नव्वदवरून थेट एकशे साठवर गेला. घाबरून शाल्मलीने आणखी दोन बादल्या ओतल्या.

"मीच बिघडवली का हो आजोबा?"

"रडू नकोस, विचार कर. तेल क्षणात सत्तर अंश तापेल?"

"नाही. चुलीवरचं पाणीसुद्धा हळूहळू तापतं."

"मग तेलावर नको, निरोप्यावर संशय घे. सेन्सरला चटका कळत नाही गं. त्यात एक छोटा मणी असतो. गार असला की तो वीज अडवतो, तापला की जाऊ देतो. त्या अडवण्याला म्हणतात रोध. वीज सहज गेली, की हंसिनी समजते तेल तापलं."

"आणि वीज गेलीच नाही तर?"

"तर तिला कडाक्याची थंडी वाटेल. तेच बघू. हंसिनी, ब्रेक लाव, मोटारीची वीज तोड. शालू, गिअरबॉक्सवर दोन बारीक तारांचा प्लग आहे. तिथली वीज मोबाइलच्या चार्जरइतकीच. काढ तो."

बोलता बोलता आजोबांना दम लागला. शाल्मलीने खटका दाबून प्लग ओढला.

"उणे चाळीस अंश," हंसिनी म्हणाली. तिचा आवाज गोंधळलेला होता.

"छान!" आजोबा म्हणाले. "तारा वाटेत एकमेकींना चिकटल्या असत्या, तर प्लग काढूनही आकडा चढाच राहिला असता. म्हणजे तारा शाबूत. दोष प्लगमध्ये, नाहीतर सेन्सरमध्ये. प्लग बसतो त्या खाचेत डोकाव."

खाचेत गढूळ पाणी साचलं होतं. पाणी आत येऊ न देणारं प्लगचं रबरी कडं चिरलेलं होतं.

शाल्मली बघतच राहिली. "विजेला मण्यातून जायची गरजच उरली नाही! पाण्यानेच तिला आडवाट करून दिली. मी गार पाणी ओतत होते आणि हंसिनीला वाटत होतं, आपण पेटतोय."

औषधांच्या डब्यातला कापूस आणि स्पिरिट घेऊन तिने दोन्ही बाजू स्वच्छ पुसल्या, ओढणीने वारा घालून वाळवल्या आणि प्लग बसवला.

"एकसष्ट अंश," हंसिनी म्हणाली. "आजोबा, चुकीच्या निरोपावर मी तुम्हाला अडवून धरलं."

"थांबलीस ते बरोबरच केलंस. पण थांबल्यावर तपासायचं असतं, ते बाकीच्या गाड्यांनाही कळव. आणि कडं बदलेपर्यंत पाणी नको."

हंसिनी घाट उतरू लागली.

इस्पितळात सिस्टर फिलोमिनांनी आजोबांना यंत्र जोडलं. शाल्मली पडद्यावरचे आकडे टक लावून वाचत होती.

"सिस्टर, यातही सेन्सर असणार ना? ते चुकले तर?"

सिस्टर हसल्या नाहीत. "म्हणून रोज सकाळी मी ते तपासते. परवा लवकर आलीस तर दाखवीन."

शाल्मलीने आजोबांकडे पाहिलं. त्यांची धाप आता कमी झाली होती.

"परवा," ते डोळे मिटूनच म्हणाले, "आपण लवकर निघू."