अहो, पान सत्तावीस!

आधीच सांगतो, मी थापाड्या माणूस आहे. मी बोलायला लागलो की नात्यातली पोरंसोरंसुद्धा निम्मं वजा करून ऐकतात. माझ्या थापांना पुरावे भरपूर असतात. या हकिकतीला एकही नाही.

म्हणूनच सांगतो... ही खरी आहे.

आणि रात्रीची नाही. भर दुपारची आहे. शनिवार होता. ताईच्या घरी बाहेरच्या खोलीत मी पाय पसरून बसलो होतो.

ताई आणि भावोजी घरीच पुस्तकं मांडायचे. लेखकाच्या मजकुराची पानं तयार करून छापखान्याला पाठवायची. भावोजी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर. ताई बाहेर, मांडीवर प्रुफं, हातात लाल पेन. चूक सापडली की बसल्या जागेवरून ओरडायची, "अहो, पान बारा!"

भावोजींनी कॉम्प्युटरवर एक लाँचर बसवला होता. दोन बटणं दाबली की पडद्याच्या मधोमध एक पट्टी उघडते. हवं ते त्यात लिहायचं. फाइल, शब्दकोश, हिशेब, सगळं तिथूनच. नुसता आकडा टाकला की ते पान समोर यावं, अशी सोय त्यांनी स्वतः करून घेतली होती. माऊसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

माझ्याही कॉम्प्युटरवर तो त्यांनीच बसवून दिला. "शालकबुवा, निम्मा जन्म फाइली शोधण्यात घालवलात. उरलेला तरी वाचवा."

बाहेर आम्हाला फक्त आवाज यायचा. टक-टक... मग एंटरचा जाड टॉक. आणि भावोजींचं "हं."

काम संपलं की ताई चष्मा काढायची. "झालं हो. उठा आता." मग आत खुर्ची मागे सरकायची. हे ऐकल्याशिवाय तो माणूस पाणी प्यायलासुद्धा उठायचा नाही.

भावोजी गेले ते त्या खुर्चीतच. ताई दूध आणायला गेली होती.

त्या दिवशी त्यांना "उठा" कुणीच म्हटलं नाही.

काही महिन्यांनी मला प्रकाशकाचा फोन आला. "तुमच्या ताई पुस्तक पाठवत नाहीत हो. विचारलं की म्हणतात, अजून चुका निघतायत."

म्हणून त्या शनिवारी मी गेलो. ताई निम्मी झाली होती. मांडीवर त्याच पुस्तकाची प्रुफं.

"कसल्या चुका निघतायत गं?"

"आहेत."

मी वाकून पाहिलं. लाल खूण एकही नव्हती.

काही बोलणार, तेवढ्यात तिने मान न उचलता हाक मारली.

"अहो, पान सत्तावीस!"

"ताई, अगं..."

"शू."

आतलं दार उघडं होतं. रिकामी खुर्ची मला दिसत होती.

आणि मग...

टक-टक...

टॉक.

"हं" मात्र आलं नाही.

मी आत गेलो. पडद्यावर पान सत्तावीस.

थाप मारायची असती तर लिहिलं असतं की खुर्चीला हात लावला आणि ती गरम होती. मी हात लावलाच नाही. धीर झाला नाही.

"पहिल्यांदा सवयीनेच तोंडातून निघालं," ताई बाहेरून म्हणाली. "आणि पान उघडलं."

"मग पुस्तक पाठवत का नाहीस?"

"तयार होऊन कधीचं पडलंय रे. पाठवलं की पान कुठलं सांगू?"

"दुसरं काम घे की."

ती मग हळूच म्हणाली, "आवाज ऐकलास ना? त्यांचा हात असा चालायचा?"

खरंच. भावोजींची बोटं म्हणजे लाह्या फुटायच्या. हा आवाज एकेक बटण चाचपून दाबल्यासारखा होता.

"दमलेत रे ते. रोज जास्त दमलेले वाटतात. आणि मी म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

ताईने पेनाला टोपण लावलं. चष्मा काढला. प्रुफं मांडीवरून खाली ठेवली.

"झालं हो..."

आणि अगदी हळू, "उठा आता."

बराच वेळ काहीच नाही.

मग... खुर्ची मागे सरकली.

आम्ही दोघांनीही पाहिली. पाऊल वाजलं नाही. खिडकीचा पडदा हलला नाही. खुर्ची सरकली आणि तशीच राहिली, माणूस उठून गेल्यावर राहते तशी.

ताईने आत जाऊन, माऊस धरून, चाचपडत, पुस्तक पाठवलं. परत बाहेर येऊन बसली. थोड्या वेळाने तिने एकदा हाक मारून पाहिली. "अहो, पान सत्तावीस..."

आत नुसता पंखा फिरत होता.

"अजून थोडं बसू द्यायला हवं होतं का रे?" तिने विचारलं.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. परवा सकाळी स्वयंपाकघरात भांडी विसळत होतो. घरात मी एकटाच असतो. माझ्या खोलीतून आवाज आला...

टक-टक.

जाऊन पाहिलं. पडद्याच्या मधोमध लाँचरची पट्टी उघडी होती. रिकामी. कर्सर लुकलुकत होता.

टॉक मात्र झालाच नाही. कुणी आकडा सांगेल म्हणून कुणीतरी थांबल्यासारखं.

मी बंद केली. काल पुन्हा उघडली... आज पुन्हा.

"उठा" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो माझा अधिकारही नाही. हे लिहितोय ते बाहेर बसून, कागदावर, खोलीचं दार लोटून घेऊन.

शेवटी मघाशी ताईला फोन केला. भीतभीतच. इतक्या कष्टाने उठवलेल्या माणसाला आपण पुन्हा बसवतोय की काय, असं वाटत होतं.

"उद्या माझ्याकडे ये," म्हटलं. "येताना एखादं प्रूफ घेऊन ये."

कशाला, ते तिने विचारलं नाही.

नुसतं म्हणाली, "जाडसं आणते."