रानकोंडची बॅटरी

हैबतीने बॅटरी टेबलावर आदळली आणि जमादारांच्या चहाची बशी उलटली.

"ही घ्या. माझ्या पोरीचा जीव हिनं घेतला."

१९८३ सालचा मे संपत आला होता. पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात त्या वेळी हेड कॉन्स्टेबल महिपती सकपाळ एकटेच होते. सगळे त्यांना जमादार म्हणत. निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि ते डोक्याला ताप न करून घेता काढायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. हैबतीच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर ते ठरवणं बाजूला राहिलं.

"बस. पहिल्यापासून सांग."

हैबतीची मुलगी तुळजा आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, रानकोंडला दिली होती. वाडीत वीज नव्हती. म्हणून अडल्यानडल्या बाळंतपणासाठी वाडीने मोटारीची एक बॅटरी आणि एक बारकी ट्यूबलाइट ठेवली होती. काल पहाटे तुळजा बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. नर्सबाईंचे हात चालू असतानाच ट्यूब विझली. चिमणीच्या उजेडात धड काही दिसेना. उजाडायच्या आत तुळजा गेली.

"महाडच्या काशीरामानं बॅटरी चारज केलीच नाय, साहेब. तशीच परत धाडली. मी सकाळीच त्याच्या दुकानाची फळी मोडून आलोय. तक्रार लिवा, नायतर पुढल्या टायमाला फळी नाय मोडणार."

"बॅटरी त्याच्याकडून कधी आणली होती?"

"पाडव्याला."

"त्यानंतर वापरली?"

"कशाला? वाडीत मधे दुसरं बाळंतपणच नाय झालं."

जमादारांनी सांडलेला चहा पुसला आणि बॅटरी घेऊन महाडची एस.टी. धरली.

काशीरामचं दुकान चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दर मार्चमध्ये तळ्यावरच्या सभेचे कर्णे त्याच्याच बॅटऱ्यांवर चालत. पन्नाशीचा, बोटं ॲसिडने पिवळी पडलेला हा माणूस मोडकी फळी भिंतीला टेकवून तिच्याकडे नुसता बघत उभा होता.

"ही तुम्ही चार्ज केली होती?" जमादारांनी विचारलं.

"चार्ज काय, ही बांधलीच मी आहे. तीन वर्षांपूर्वी आतल्या प्लेटा बदलल्या, वरून डांबर ओतलं. लोक म्हणाले, टाकून द्या, नवी आणा. नवी म्हणजे वरून बंद डबा. बिघडला की फेका. असल्या फेकायच्या वस्तूंना मी हात लावत नाही."

"ते भाषण नंतर. चार्ज केली होती का?"

 काशीरामने एक काचेची नळी घेतली. बॅटरीला सहा खण होते. एकेका खणातलं पाणी नळीत ओढून तो आतला तरंगता काटा बघू लागला. पहिल्या तीन खणांत काटा पार तळाला गेला. पुढच्या तीन खणांत तो वर येऊन उभा राहिला.

काशीरामने नळी खाली ठेवली.

"तीन रिकामे, तीन भरलेले," तो म्हणाला. "चार्जिंग सहाही खणांचं एकदमच होतं. मी ते केलं नसतं, तर सहाही रिकामे असते."

"मग ट्यूब का विझली?"

"ट्यूबला सहाही खण लागतात. अर्धे संपत आलेले असले तर उरलंसुरलं ओढून ती पाच-दहा मिनिटं तग धरेल." त्याने डांबराच्या वर दिसणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांकडे बोट केलं. मधली पट्टी तेवढी खरवडून लख्ख झाली होती. "कुणीतरी इथे तार लावून अर्धीच बॅटरी वापरली आहे. बारा व्होल्टांतले सहाच. पट्टी इतकी घासली आहे म्हणजे महिनाभर तरी, रोज थोडी थोडी. रानकोंडात सहा व्होल्टांवर काय चालतं, ते तुम्ही शोधा. आणि लवकर शोधा, जमादार. सकाळपासून माझ्याकडे एक गिऱ्हाईक फिरकलेलं नाही. या वयात मी दुसरा धंदा कुठला शिकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार रानकोंडला पोहोचले. बॅटरी राहायची ती तुळजाच्या सासूच्या, बनुबाईच्या पडवीत. बनुबाई आत अंधारात बसली होती. नर्स नीलाबाई बाळाला वाटी-चमच्याने दूध पाजत होत्या.

"पडवीला कुलूप?"

"बनुबाई घरात असताना कुलूप कशाला?" नीलाबाई म्हणाल्या. "घरात दोघीच तर होत्या. मुरारी, तुळजाचा नवरा, पौषात गेला. मुंबईला गोदीत कामाला होता, तिथेच अपघात झाला. पोर बापाला दिसलीही नाही."

"बाहेरचं कुणी येतं-जातं?"

"नाही हो. दुपारची बनुबाई टेप लावून बसते. मुरारी गणपतीत आला होता, तेव्हा त्याने कॅसेटवर आपलं बोलणं भरून ठेवलं. काय खणखणीत लागतं! ओढ्यापर्यंत ऐकू येतं. परवापर्यंत रोज लागायचं."

जमादार अंगणात आले. पडवीच्या उतरत्या कौलांवर चार जाडे सेल ओळीने उन्हात ठेवलेले होते. संपलेले सेल उन्हात तापवले की आणखी थोडे चालतात, म्हणून या भागात कुणी ते लगेच टाकत नाही. खुद्द जमादारांच्या घरीही टॉर्चचे दोन सेल खिडकीत होते. त्यांनी एक उचलून पाहिला. निघेना. फुटून पांढरी बुरशी आली होती आणि कौलाला चिकटून बसला होता.

आत जाऊन ते बनुबाईपुढे बसले. तिच्या लुगड्याला मांडीपाशी बारीक बारीक भोकं पडली होती, कडांना करपलेली. त्यांना तिला काहीच विचारवेना. त्यांनी हैबतीला आणि काशीरामला तिसऱ्या प्रहरी वाडीवर बोलावून घेतलं.

अंगणात सगळे जमल्यावर जमादार बोलू लागले.

"हैबती, काशीरामने बॅटरी पुरी भरून दिली होती. तीन खण अजून भरलेले आहेत, हा त्याचा पुरावा. बाकीचे तीन कुणीतरी इथेच, याच घरात वापरले. रानकोंडात ना स्कूटर, ना पंखा. पण चार सेलांचा एक टेप आहे. चार सेल म्हणजे सहा व्होल्ट, अर्धी बॅटरी."

"टेप सेलावर चालतो," हैबती म्हणाला.

"त्याचे सेल कौलावर चिकटून बसलेत. दीड-दोन महिन्यांत त्यांना कुणी हात लावलेला नाही. मग परवापर्यंत टेप रोज खणखणीत कशावर लागत होता? आणि बॅटरीतलं ॲसिड लुगड्यावर उडाल्याशिवाय अशी भोकं पडत नाहीत."

सगळ्यांच्या माना वळल्या. बनुबाई उठली, टेप घेऊन आली आणि जमादारांच्या पायाशी ठेवला. मागचा कप्पा रिकामा होता. त्यातून दोन तारा बाहेर आल्या होत्या.

"मुरारीनंच लावून दिल्या," ती म्हणाली. "म्हनला, आये, सेल किती आनशील आनि किती फेकशील, नड पडली तर हिला लाव. तो गेल्यावर लावला. तुळजाबी बसायची जवळ, पोटावर हात ठेवून."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, ती उतरते म्हणून?"

"सेलावर त्याचा आवाज चार दिसांत जड व्हायचा ना. घसा बसल्यागत. मंग कळायचं, संपले. हिच्यावर येकदाबी जड झाला नाय, दादा. मला वाटलं, हितं काय संपतच नाय."

 जमादारांनी पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली होती, पण गुन्हेगार सापडल्याचं इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"म्हंजी तिचा उजेड मीच ऐकून संपवला?" बनुबाईने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. पण मग ते काशीरामच्या माथी राहिलं असतं.

"होय," जमादार म्हणाले.

हैबती तिच्याकडे बघत उभा राहिला. दोन दिवस ज्याला हाणायचं म्हणून हात शिवशिवत होते त्या काशीरामचा दोषच नव्हता, आणि ही तर आधीच मेल्यासारखी झाली होती. घरात बाळ रडू लागलं. बनुबाई टेपापाशीच उभी राहिली. शेवटी हैबतीच आत गेला आणि नात आणून त्याने तिच्या ओटीत घातली.

"तुमची फळी मी बसवून देतो," तो काशीरामला म्हणाला आणि मग त्याला रडू फुटलं.

पंधरा दिवसांनी काशीराम स्वतः बॅटरी घेऊन रानकोंडला आला. मधल्या पट्टीवर त्याने डांबर ओतलं होतं. सोबत स्कूटरची एक जुनी बॅटरी त्याने नीट करून आणली होती, खास टेपसाठी. बनुबाईने ती हातात घेतली, पुसली आणि कॅसेटसोबत ट्रंकेत, पार तळाला ठेवली.

"लावून बघा तरी," काशीराम म्हणाला.

"नको. पोर मोठी झाली की तिला लावून दीन. बापाचा आवाज हाय तो. तवर मी खर्चायची नाय."