समाधीवरची ताजी फुलं

"आजही कुणीतरी फुलं बदलली आहेत!" आजीच्या समाधीपाशी बसत कोहारू ओरडली. "आज तिसरा दिवस!"

आजोबा स्वित्झर्लंडला गेल्यापासून समाधीला पाणी घालायचं काम बारा वर्षांच्या कोहारूकडे होतं. पण रोज सकाळी ती टेकडी चढून येई तेव्हा दगड आधीच ओला असे!

"भूत असणार," सुट्टीला बेटावर आलेला तिचा चुलतभाऊ रेंतारो म्हणाला. "आजीच येत असेल."

"स्वतःच्या समाधीला स्वतःच फुलं वाहायला? अक्कल बोटीतच विसरलास वाटतं!" शेजारची नागिसा म्हणाली.

कोहारूला हसू आलं नाही. देठांना निळी सुतळी बांधली होती, दोन वेढे आणि वर उलटी गाठ. अशी गाठ फक्त आजोबा मारत. आणि आजोबा तर बर्फाच्या डोंगरात होते!

घरी येऊन तिनं बाबांना म्हटलं, "आजोबांना फोन करू या ना."

"तिकडून फोन करू नका असं मीच त्यांना सांगितलंय, फार पैसे पडतात. मजेत असतील ते. तू उगाच डोकं खाऊ नकोस!"

आई स्विस चॉकलेटचे डबे उघडत होती. परतल्यावर वाटायचा खाऊ म्हणून आजोबांनी ते निघण्यापूर्वीच इथल्या दुकानाच्या यादीतून मागवले होते. तिकडून ओझं कोण आणणार? सगळेच तसं करतात. उन्हानं वितळतील म्हणून बाबांनी ते आजच गल्लीत वाटायला लावले. आजोबा परत यायच्या आधीच त्यांच्या प्रवासाचा खाऊ गल्लीनं खाल्ला!

हा प्रवास खरं तर आजीचा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच्या डोंगराकडे बघत ती म्हणायची, "तिथे जायचंय मला. तिथे मला कुणी ओळखत नाही. कुणापुढे वाकायला नको, कोण काय म्हणेल याची चिंता नको." जवळपास दहा वर्षांपूर्वी दोघांनी पासपोर्ट काढले आणि आजी आजारी पडली. आता आजोबा तिचा फोटो घेऊन निघाले, तेव्हा अख्खी गल्ली निरोपाच्या पैशांची पाकिटं घेऊन धक्क्यावर आली होती.

पाचव्या दिवशी फुलं माना टाकून पडली होती आणि दगड कोरडा ठणठणीत होता.

"गेलं एकदाचं भूत!" रेंतारो म्हणाला.

"गप्प बस!" कोहारू म्हणाली. "तो माणूस येऊ शकला नाही! निळी सुतळी कुठे असते? वरच्या कोठीत!"

संत्र्यांची ती जुनी कोठी बंद पडून वर्षं झाली होती. साप आहेत म्हणून बाबांनी मुलांना तिकडे फिरकू दिलं नसतं. मग नागिसा गणिताची वही घेऊन बाबांसमोर बसली आणि मुद्दाम चुकत राहिली. बाकीची दोघं मागच्या दारानं सटकली!

कोठीला आतून कडी होती. रेंतारो झरोक्यातून आत उतरला. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. त्यानं कडी काढून दार उघडलं.

आजोबा खोक्यांवर निपचित पडले होते. प्रवासाची बॅग जशीच्या तशी होती. भिंतीला टेकून आजीचा फोटो ठेवला होता आणि तिच्या नजरेसमोर कॅलेंडरवरचा तो डोंगर चिकटवला होता.

"तू पाणी शिंपड, मी माणसं आणते!" कोहारू ओरडतच टेकडी उतरली. "आजोबा कोठीत आहेत! कुणीतरी या हो!"

डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. पण आता विमानाचा विचारही करायचा नाही, कधीच.

बॅगेतल्या पासपोर्टवरून थोडं लगेच कळलं, बाकीचं नंतर आजोबांनीच सांगितलं. पासपोर्टची मुदत संपायला दोनच महिने उरले होते, आणि तिथे जायला तेवढे पुरत नाहीत. विमानतळावरून आजोबांना परत पाठवलं. कागद तपासले होते बाबांनी! 'सगळं बघितलंय मी' असं म्हणणारी मोठी माणसं नेमकं काय बघतात, कोण जाणे. सगळ्या गल्लीनं निरोप दिल्यावर कुठल्या तोंडानं परतायचं? म्हणून आजोबा बेटाच्या मागच्या धक्क्यावर गुपचूप उतरले. आठ दिवस कोठीत काढायचे आणि मग बॅग घेऊन घरी यायचं ठरवलं. फक्त आजीला पाणी घातल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

"शाबास!" गावचे प्रमुख तिघांच्या पाठी थोपटत म्हणाले. "पोरांनो, तुम्ही जीव वाचवलात!" बाबा मात्र कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. कोहारूला त्या शाबासकीचा आनंद झाला नाही.

त्याच संध्याकाळी आजोबांनी डोळे उघडले. "कोहारू," ते पुटपुटले, "गल्लीत कुणाला सांगू नकोस हं."

"सगळ्यांना सांगितलं, आजोबा. बोंबलतच गेले मी."

आजोबांचा चेहरा उतरला. "मग... काय म्हणाले सगळे?"

कोहारू आठवू लागली. समोरच्या घरातल्या आजी हातातलं चॉकलेट टाकून बर्फ घेऊन निघाल्या होत्या. कोपऱ्यावरचे सकाता आजोबा तर अनवाणीच होते.

"काहीच नाही म्हणाले," ती म्हणाली. "सगळे पळत आले."

आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ते रडू लागले.