पाजणीची गल्ली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. साल १९५३. नागपुरातली कोष्ट्यांची एक गल्ली, थंडीतली सकाळ. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या सुताचा, मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांचा लांबच लांब ताणा पसरलाय. त्याला नुकतीच खळ लावलीय. याला पाजणी म्हणतात. खळ वाळेपर्यंत गल्लीत कुणी धावायचं नाही, काही झटकायचं नाही. तिथल्या लहान पोरांनाही हे ठाऊक असतं.

ठाऊक नव्हतं ते जागेश्वरला. मोहल्ला सेवा मंडळाचा हा तरुण चिटणीस चार स्वयंसेवक आणि खराटे घेऊन मोठ्या उत्साहानं गल्ली झाडत आला... आणि धुळीचा लोट ओल्या सुतावर जाऊन बसला.

“ओ चिटणीस! डोळे घरी ठेवून आले का?”

खळीचा कुंचा हातात धरून अनुसया उभी होती.

“मी तर... गल्ली साफ करून राहिलो होतो.”

“गल्ली झाली साफ. आमचा ताणा पाहा! कोष्टी आहा ना तुमी?”

“उमरेडचा. पण आमच्या आजोबानंच माग सोडला. मी कचेरीत टाइप करतो.”

“बाप्पा! तरीच.”

ती रागावली होती खरी. पण त्याच्या भुवयांवरची धूळ पाहून तिला हसू फुटलं, म्हणून तिनं तोंड फिरवलं. तिच्या वडलांनी, नत्थूजींनी मात्र मळलेला ताणा सोडायला घेतला. त्या दिवसापासून ते जागेश्वरशी एक शब्द बोलले नाहीत.

ताणा धुतला, तर कितीतरी धागे तुटले. दुसऱ्या दिवसापासून जागेश्वर कचेरीआधी रोज हजर! दोन टोकं जुळवायची, राखेचं बोट लावायचं, हलकेच पीळ द्यायचा. अनुसया शिकवायची. तिची सहा वर्षांची भाची भागीरथा राखेची वाटी धरून बसायची.

“किती जाड गाठ ही! दोर वळून राहिले का?”

“मग दाखवा ना परत.”

“सकाळपासून चार वेळा दाखवलं.”

“पाचव्यांदा दाखवलं तर काही बिघडते?”

ती दाखवायची. बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही एकदम सुताकडे पाहू लागायचे.

आठव्या दिवशी शेवटचा धागा जुळला. जागेश्वर हळूच म्हणाला, “उपकार झाले तुमचे. आजोबाचं काम मले तुमच्यामुळं कळलं.” मग थांबला. “रविवारच्या सभेत मी राजीनामा देतो. नत्थूजींची माफी मागतो आन् उमरेडले परत जातो.”

“काहून?”

“ज्या घराचं नुकसान केलं, त्या घरचा मोठा माणूस मले पाहून तोंड फिरवते. कोणत्या तोंडानं राहू?”

अनुसया राखेची वाटी उचलून घरात गेली. त्या रात्रीचं जेवण तिला गोड लागलं नाही.

रविवारी मारुतीच्या पारावर सभा भरली. अध्यक्ष रामाजींनी राजीनामा वाचला. तोच बायकांच्या रांगेतून अनुसया उठली. मंडळाच्या सभेत तोवर एकही बाई बोलली नव्हती.

“मंडळानं आमच्या गल्लीत नळ आणला,” ती म्हणाली. “यांनीच खेटे घातले त्यासाठी. आमी विहिरीवर दोन-दोन तास उभ्या राहत होतो, आता नाही राहत. आमी कधी आभारही नाही मानले. एक चूक झाली, तर ती यांनी धाग्या-धाग्यानं भरून देली. पाजणी आटोपल्याशिवाय झाडू नोका, असा ठराव करा. पण चिटणीस... हेच राहू द्या.”

रामाजी मिशीत हसले. “मोहल्ल्यासाठी बोलून राहिली, का सोतासाठी वं?”

बायका खुसखुसल्या. अनुसयेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं... “दोन्हीसाठी,” ती म्हणाली.

जागेश्वरनं चमकून वर पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“ज्यांना ठराव मान्य, आन् चिटणीसही हेच पाह्यजे, त्यांनी हात वर करा,” रामाजी म्हणाले.

एकही हात वर होईना. सगळे नत्थूजींकडे पाहत होते. बापाच्या मनात काय आहे? नत्थूजी खाली मान घालून बसले होते, हात मांडीवर. डोळे मात्र ओले होते.

त्यांच्या शेजारी बसलेल्या भागीरथानं एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा चिटणीसांकडे. मग आजोबांचा तो जड हात आपल्या दोन्ही हातांत धरला, ती पारावर उभी राहिली आणि टाचा उंचावून तिनं तो वर उचलला... आणि नत्थूजींनी तो खाली घेतला नाही.