फाइना अर्काद्येव्हनाचं हेल्मेट

मॉस्कोबाहेरच्या आमच्या कार्यशाळेत फाइना अर्काद्येव्हनाचा चहा रोज गार व्हायचा. अंतराळवीरांसाठी ती हेल्मेट बनवत होती, आणि तशी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. पोशाखात हवा भरली की हेल्मेट खांद्यांवरून वर उचललं जायचं. तिनं छातीवरून पोलादी तार ओढून ते खाली बांधलं. मान वळवताना जड हेल्मेट सोबत वळवावं लागायचं. तिनं ते एवढं मोठं केलं की डोकं आतल्या आत वळावं. प्रत्येक हेल्मेट आधी ती स्वतः घालून दुपारभर वावरायची.

निर्वात कोठडीचे पंप माझ्याकडे होते. त्या हिवाळ्यात पहिली चाचणी प्लास्टरच्या डोक्यावर घेतली. दार उघडलं तेव्हा ते डोकं डावीकडे वळलेलं होतं. पंपाची थरथर असेल, मी म्हटलं. स्क्रू घट्ट करून पुन्हा चाचणी घेतली. पुन्हा डावीकडे. फाइना हसली नाही. आत जाऊन त्या बाजूच्या कोऱ्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली.

मग ग्लेबची पाळी आली. पोशाख अंगावर घालून चाचण्या देणारा, तोंडाळ गडी. जाता जाता मला म्हणाला, "रोद्या, पंपाशी डुलकी काढलीस तर तुझी खैर नाही."

कोठडीतली हवा विरळ झाली, पोशाख फुगला आणि तारेची कडी सुटली. हेल्मेट वर सरकलं. काचेत त्याचे डोळे दिसेनात. खालची कडा जबड्याखाली रुतली. फुगलेले हातमोजे कडीपर्यंत पोचत नव्हते. मी हवा आत सोडू लागलो, पण ती हळूच सोडावी लागते, नाहीतर कानाचे पडदे फाटतात.

दाबाची सुई अजून हललीही नव्हती.

हेल्मेट खाली येऊ लागलं. सावकाश. सरळ.

ग्लेबचे डोळे काचेत दिसले. एकटक डावीकडे लागलेले.

दार उघडलं तेव्हा कडी सुटलेलीच होती, तार लोंबत होती. फाइनानं हेल्मेट उतरवलं आणि थेट कामाच्या टेबलाशी गेली. तिनं त्या दिवशी बसवलेली दुहेरी कडी पुढे कधीच सुटली नाही. त्या हेल्मेटांनी माणसं वर नेली आणि सुखरूप परत आणली.

ग्लेब बाकावर गाल चोळत बसला होता. वरून कुणी दाबलं का, मी विचारलं.

"वरून नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आतून, डावीकडून. त्याची दाढी वाढलेली होती, रोद्या. गालाला टोचत होती."